पोटदुखीमागचे मन

आमगावसारख्या तालुक्यात रोवणीच्या दिवसांत घरातील मोठी माणसे दिवसभर बांधीत असतात. मूल गप्प झाले आहे, हे लवकर लक्षात येत नाही. मग बारा-तेरा वर्षांच्या मुलाला पोट दुखते, शाळेत जात नाही म्हणून दवाखान्यात आणतात. तपासण्या ठीक निघतात. या वयातील नैराश्य अनेकदा रडण्यातून नव्हे, तर चिडचिडीतून आणि दुखण्यातून दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार १० ते १९ वयोगटातील सातांपैकी एकाला मानसिक विकार असतो. घरातील भांडणे, दारू, आईवडिलांपैकी कुणाचे नैराश्य, शाळेतील छळ, अपुरी झोप यांमुळे धोका वाढतो. न रागावता ऐकून घेणारे एक मोठे माणूस, मग ती आजी असो वा वर्गशिक्षक, जवळचा मित्र, खेळ आणि पुरेशी झोप यांमुळे तो कमी होतो.

असे वागणे दोन आठवडे टिकले तर सरकारी रुग्णालयात दाखवा. मूल मरणाची भाषा बोलले तर थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. त्याला एकटे सोडू नका. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो.