पान पिवळे पडले : कीड की पाणी?

कुंडीतल्या तुळशीची किंवा परसातल्या गोडलिंबाची पाने पिवळी पडली, की आपण लगेच विचारतो, “काय फवारायचे?” पण ही पाने थेट आपल्या तोंडात जाणारी असतात. त्यामुळे औषधाआधी निदान हवे. त्यासाठी दोनच प्रश्न विचारू : कोणते पान पिवळे पडले, आणि पानाचा कोणता भाग?

नायट्रोजन कमी पडला, तर झाड जून पानांतला नायट्रोजन काढून कोवळ्या पानांना पुरवते. म्हणून खालची पाने आधी आणि सबंध पिवळी होतात. लोहाची अशी हलवाहलव झाडाला फारशी जमत नाही. लोह कमी पडले की शेंड्याची पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. गंमत म्हणजे मातीत लोह भरपूर असूनही असे घडते! चुनखडीयुक्त काळ्या मातीत ते अविद्राव्य रूपात अडकून पडते. अशा मातीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले, तर फेस येतो. हा प्रयोग वर्गात जरूर करावा.

पानांच्या कडा आणि टोके करपली असतील, तर पाण्याकडे पाहावे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील अनेक गावांत भूजल खारे आहे. कुंडीतले पाणी उडून जाते, क्षार मागे उरतात. मग माती ओली असूनही मुळांना पाणी ओढून घेणे जड जाते. कुंडीच्या काठावरचा पांढरा थर ही त्याची खूण. येथे कीटकनाशकाचा काहीच उपयोग नाही.

आता कीड. तिचा पुरावा बहुधा पानामागे सापडतो. तुळशीच्या पानावर फिकट ठिपके आणि मागे काळे टिपके दिसले, तर जाळीदार पंखांचे बारीक किडे रस शोषत असतात. पान पांढऱ्या कागदावर झटकल्यावर ठिपके चालू लागले, तर ते कोळी. पाण्याचा जोरदार फवारा मारून आणि किडलेली पाने खुडून बराच बंदोबस्त होतो. गोडलिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही दिसले आणि पाने कुरतडलेली असली, तर ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. तिला मारण्याऐवजी वर्गात पाळावी. कोष आणि फुलपाखरू मुलांना पाहायला मिळेल.

शेवटी एक प्रयोग. दोन सारख्या कुंड्यांत सांभार पेरा. एकीला साठवलेले पावसाचे पाणी आणि दुसरीला गावच्या बोअरचे पाणी तेवढेच घाला. माती, ऊन, बियाणे सारखेच ठेवा. आठवड्याला किती पानांच्या कडा करपल्या, ते मुलांनी वहीत मांडावे. फरक दिसला, तर दोष कशाचा, हे मुलेच सांगतील. फरक दिसला नाही, तर तेही उत्तरच आहे.