पाऊस कसा आहे, बैल कसे आहेत

१९१५ सालच्या मार्च महिन्यात फ्रान्समधल्या हिंदी पलटणींतून आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं घरी निघत होती. लिहिणारे बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे. जालंदर, लुधियाना, रोहतक, रावळपिंडी, गढवाल इकडचे. त्यांतल्या पुष्कळांना स्वतःला लिहिता येत नव्हतं. १९११ च्या जनगणनेप्रमाणे हिंदुस्थानात शंभरातले जेमतेम सहा जण साक्षर होते, आणि सरकारला पलटणीत शेतकऱ्याचा धडधाकट पोर हवा होता, शिकलेला नव्हे. मग पलटणीत ज्याला लिहिता येई त्याच्यापुढे बसायचं, आपण सांगायचं आणि त्याने लिहायचं. तिकडे गावात पत्र पोचलं की मास्तर नाहीतर दुकानदार ते मोठ्याने वाचणार आणि घरादाराबरोबर शेजारपाजारही ऐकणार. आईला काही एकटीलाच सांगायचं असेल तर त्याला जागाच नव्हती.

या पत्रांना वाटेत आणखी एक वाचक होता. परदेशातल्या गदर चळवळीचे कागद शिपायांच्या हाती पडतील या धास्तीने सरकारने हिंदी टपालासाठी सेन्सॉरची कचेरी काढली. प्रमुख होते इव्हलिन हॉवेल. कचेरी आधी रुआँला आणि नंतर बुलोनला होती. पत्रं फोडायची, निवडक मजकुराचं इंग्रजीत भाषांतर करायचं, आठवड्याचा अहवाल लिहायचा आणि सोबत उतारे जोडायचे. पुष्कळशी मूळ पत्रं पुढे रवाना होत. थोडीच अडवली जात. गावी पोचलेल्या त्या पत्रांचं पुढे घरोघर जे व्हायचं ते झालं. पण इंग्रजी उतारे लंडनला गेले आणि आजही ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने त्यांतले शेकडो निवडून १९९९ मध्ये ‘इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर’ या नावाने छापले. ज्यांना इंग्रजी वाचता येतं त्यांनी ते पुस्तक मिळवून वाचावंच.

प्रत्येक उताऱ्याच्या माथ्यावर पत्ता असतो: कोणाकडून, जात किंवा पंथ कोणता, पलटण की इस्पितळ, कोणाला, कोणत्या जिल्ह्यात, मूळ भाषा आणि तारीख. म्हणजे एका ओळीत ब्रायटनचं इस्पितळ असतं आणि त्याच ओळीत पंजाबातलं खेडं. इंग्लंडात ब्रायटनला राजवाड्यातच हिंदी जखमींसाठी इस्पितळ उघडलं होतं. नक्षीदार छताखाली खाट मिळालेला हा माणूस घरी काय विचारतो? जमिनीचा वाद, सावकाराचं देणं, भावाभावांतली कुरबूर, कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं. लढाईबद्दल कमी, घराबद्दल जास्त. यात नवल नाही. खंदकात त्याच्या हाती काहीच नव्हतं. गावाकडच्या कारभारात निदान मत देता येत होतं. करता मुलगा घरात नाही हे बघून भाऊबंद बांध सरकवतात, ही भीती तर किती जणांना असेल! पुढे १९२५ मध्ये यासाठी कायदाच झाला: शिपाई लढाईवर असेल तर त्याच्याविरुद्धचा दिवाणी दावा थोपवून धरायचा.

एक गोष्ट विसरायची नाही. पंजाबातल्या खेड्यातून फ्रान्सला पत्र पोचायला महिना लागे, कधी जास्त. पेरणीच्या वेळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हाती येई तोवर तिकडे पीक कमरेएवढं झालेलं किंवा जळून गेलेलं. टपालबोटींवर पाणबुड्यांचा डोळा असे. मार्सेलहून मुंबईकडे निघालेली ‘पर्शिया’ ही बोट ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीटजवळ बुडवली गेली आणि तीनशेहून अधिक माणसं गेली. अशा बोटीबरोबर टपालही तळाला जाई. एखाद्या घरी पत्र आलं नाही तर पोराचं काही बरंवाईट झालं की नुसतं टपाल बुडालं, हे ठरवायला घरच्यांपाशी कसलाही मार्ग नव्हता.

लढाईबद्दल लिहायची वेळ आली की हे लोक शेतातूनच शब्द काढत. माणसं किती मेली हे सांगताना एकजण कापून पसरलेल्या पेंढ्यांची उपमा देतो. १९१५ च्या जानेवारीत इस्पितळातून लिहिणारा एक पंजाबी राजपूत जवान म्हणतो की ही लढाई नाही, जगाचा शेवट आहे, महाभारतात ऐकलं तसं युद्ध आहे. सुगी आणि महाभारत हे दोन्ही त्यांनी पोथीबाहेर, अंगणात शिकलेले. खंदक, तोफा आणि विषारी वायूसाठी नवे शब्द शोधत बसायला त्यांना वेळ नव्हता आणि गरजही नव्हती. ऐकणाऱ्या बापाला कापणी झालेलं शेत डोळ्यांपुढे आणता येत होतं, तेवढं पुरे.

सेन्सॉर वाचतो आहे हे शिपायांना लवकरच कळलं. मग मिरी आणि मिरची कामी आली. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली आहे, लाल मिरची मात्र राखून ठेवली आहे, अशा अर्थाची वाक्यं पत्रांत येऊ लागली. हॉवेलच्या माणसांनाही ती कळली. मथितार्थ असा की आमचे लोक पुढे ढकलले जात आहेत, तेव्हा धाकट्याला भरतीला पाठवू नका. जखमी बरा झाला की त्याला पुन्हा आघाडीवर धाडत, याची चीड पुष्कळ पत्रांत आहे. एकदा जखम झाली की आपलं देणं फिटलं, असं त्यांना वाटत होतं. मला ते अगदी रास्त वाटतं.

पायदळ १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून हललं. घोडदळ मात्र १९१८ च्या सुरुवातीपर्यंत तिथेच राहिलं. या जवानांचा मुक्काम मधूनमधून फ्रेंच कुटुंबांच्या घरी असे. पत्रांचा सूर इथे बदलतो. बायका घर आणि शेत दोन्ही सांभाळतात, मुली शाळेत जातात, हे पाहून कित्येकांनी घरी लिहिलं की आपल्या पोरींना शिकवा. हे आईबापांना सांगणं पलटणीतल्या शिपायालाच जमलं असतं, कारण आता त्याचा शब्द पगारासह येत होता.

१९१६ च्या जानेवारीतलं एक पत्र मला या साऱ्या संग्रहात सर्वांत जवळचं वाटतं. एका पंजाबी मुसलमान घोडेस्वाराचा मुक्काम एका वयस्क फ्रेंच बाईच्या घरी होता. घर खातंपितं, पण घरात ती एकटीच. तिचे तीन मुलगे लढाईवर गेलेले: एक पडला, दुसरा जखमी, तिसरा खंदकात. तरी ती रोज या परक्या पोराला कॉफी करून द्यायची, त्याला धीर द्यायची. निघताना तिने त्याच्या हातात पाच फ्रँकची नोट ठेवली. तो घरी लिहितो ते आपल्याकडच्या बायकांनी तिच्याकडून धीर शिकावा म्हणून. त्याच्या या निष्कर्षाशी मी सहमत नाही. त्या बाईने रडायचं ते रात्री रडून घेतलं असेल. पण त्याने तिची पोरं नीट मोजली, कोण कुठे आहे हे विचारून घेतलं आणि ते आपल्या घरापर्यंत पोचवलं, हे फार मोलाचं आहे.

आता आपल्याकडे येऊ. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समध्ये नव शापेलला लढल्या आणि त्यांचं फार नुकसान झालं. त्यांत मराठेही होते. पण बहुतेक मराठा पलटणी गेल्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. ११७ वी मराठा पलटण १९१४ च्या नोव्हेंबरातच बसऱ्याच्या मोहिमेवर होती. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून जनरल टाउनशेंडच्या हाताखाली तैग्रिसच्या काठाने वर गेल्या आणि डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. जवळजवळ पाच महिने वेढा चालला. विमानांतून धान्य टाकलं गेलं. इतकंच नव्हे, सापडलेले सातू दळायला जात्याच्या तळ्याही वरून टाकल्या. घोड्याचं मांस खायला हिंदी शिपायांचं मन धजेना. धर्मगुरूंच्या तारा मागवून त्यांची समजूत घालावी लागली. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. सुमारे १३ हजार लोक कैदेत गेले, वाळवंटातून चालवत नेले गेले, आणि त्यांतले हजारो परतले नाहीत.

या शिपायांच्या घरी साताऱ्यात, रत्नागिरीत, कोल्हापुरात काय पोचलं? पत्रं येत असणारच. ती मोडीत, ‘तीर्थरूप वडिलांचे सेवेशी’ असा मायना घालून, पाऊसपाणी आणि गुराढोरांची विचारपूस करत. पण फ्रान्सच्या टपालाचे जसे भरगच्च अहवाल उरले, तसे मेसोपोटेमियाचे उरले नाहीत. पंजाबी शेतकऱ्याचा आवाज आज आपण ऐकतो तो सरकारने त्याचं पत्र फोडलं म्हणून. आपली पत्रं बऱ्याच अंशी घरीच राहिली, आणि माळ्यावरच्या ओलीने, वाळवीने, दिवाळीच्या साफसफाईने घेतली. बंगालचं बघा. कुतच्या वेढ्यातले आणि नंतर कैदेत वारलेले कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे डॉक्टर. त्यांनी घरी लिहिलेली पत्रं त्यांच्या आजीने, मोक्षदा देवींनी, ऐंशीच्या घरात असताना ‘कल्याण-प्रदीप’ या ग्रंथात गुंफली आणि १९२८ मध्ये छापली. तिथे घर शिकलेलं होतं, आजीच्या हाती लेखणी होती. आपल्या शिपायाची आजी जात्यावर होती. तिच्या आठवणी ओवीत गेल्या असतील, कागदावर नाही.

जे उरलं ते दगडावर. सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे गावाला लोक आपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात पुष्कळ गावांच्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके पडले. नावं नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावरही हेच. ४० हजारांहून अधिक बेपत्ता सैनिकांसाठी ते उभं आहे, पण हिंदी अंमलदारांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा दिला. ज्याच्या बापाने महिना ११ रुपयांच्या पगारातून आलेली मनिऑर्डर अंगठा उठवून घेतली, त्याचं नाव दगडावर येण्याइतकं मोठं ठरलं नाही. याचा राग यायला हवा.

शेवटी काळजीची दिशाच उलटली. १९१८ ला पाऊस दगा देऊन गेला आणि सप्टेंबरपासून इन्फ्लुएन्झा गावोगाव शिरला. मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसं दगावली. लढाई संपत आली असताना परदेशातला मुलगा सुखरूप आणि घर मात्र अर्धं रिकामं, असं हजारो ठिकाणी झालं. ‘सर्व खुशाल’ हे आता कोणी कोणाला लिहायचं?

तेव्हा या दिवाळीत ट्रंक उघडली आणि मोडीतला कागद दिसला तर थोडं थांबा. जॉर्ज बादशहाच्या तिकिटावर ‘आय.ई.एफ.’ ही अक्षरं छापलेली असतील, किंवा गोल शिक्क्यात ‘एफ.पी.ओ.’ आणि पुढे आकडा असेल, तर ते टपाल लढाईवरचं आहे. पत्त्यात ‘फोर्स डी’ असेल तर मेसोपोटेमिया, ‘फोर्स ए’ म्हणजे फ्रान्स. घडी जबरदस्तीने उघडू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, पाकीट आणि पत्र वेगळं होऊ देऊ नका. मोडी वाचणारे आजही आहेत. पुराभिलेखागार खातं मोडीचे वर्ग चालवतं, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. आणि घरात कोणी वडीलधारं असेल तर कागद कोणाचा, हे आजच विचारून पाकिटावर नाही, वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ठेवा.