झुरळांसाठी शेतातले औषध घरात नको

मोर्शी परिसर संत्र्याचा आणि कपाशीचा. फवारणी झाली की डब्यात तळाशी थोडे औषध उरतेच. रात्री ओट्यावर झुरळे दिसली की अनेक घरांत तेच पाण्यात कालवून सिंकखाली, भिंतींच्या फटींत मारले जाते. ही सवय घातक आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात मोकळ्या शेतात फवारणी करतानाही विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. बंद स्वयंपाकघरात तर हे विष भांड्यांवर, अन्नावर बसते; रांगत्या बाळाच्या हातातून तोंडात जाते.

एवढे करूनही झुरळे जात नाहीत. घरातल्या लहान तपकिरी झुरळाच्या एका अंडकोशात ३० ते ४० अंडी असतात. फवाऱ्याचा त्यांवर फारसा परिणाम होत नाही.

झुरळांची विष्ठा आणि कात दमा वाढवते, म्हणून त्यांना घालवायला हवेच. रात्री खरकटी भांडी ठेवू नयेत, सिंक कोरडे करावे, गळका नळ दुरुस्त करावा, फटी बुजवाव्यात. कपाटाच्या बिजागऱ्यांजवळ, फ्रिजमागे, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी झुरळांच्या जेलचे बारीक ठिपके लावावेत. तिथे फवारा मारू नये, नाहीतर झुरळे जेल खात नाहीत. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा लावावे.

औषधाच्या संपर्कानंतर लाळ, घाम, मळमळ किंवा धाप सुरू झाल्यास मुद्दाम उलटी करवू नये. कपडे बदलून अंग साबणाने धुवावे, १०८ क्रमांकावर फोन करावा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे.