हेडर आहे, मग लायब्ररी कुठं गेली?

न्यू जर्सीतल्या आमच्या पार्सिपनीहून मरी हिल गाडीने साधारण अर्ध्या तासावर. तिथल्या बेल लॅब्जमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली. आम्ही राहतो लेक हायावाथा भागात, म्हणजे सीच्या माहेराजवळच. म्हणून काही चुका कमी होतात असं नाही. कॉलेजात नुकतंच लिनक्स हाती घेतलेली पुतणी रात्री फोन करते, "काका, कंपायलर बिघडलाय. मॅथ.एच इन्क्लूड केलंय, तरी म्हणतो 'अनडिफाइन्ड रेफरन्स टु एसक्यूआरटी'!"

कंपायलर ठणठणीत असतो. त्याचं काम केव्हाच आटोपलेलं असतं आणि ओरडत असतो तो लिंकर. संदेशाच्या शेवटी 'एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस' दिसतं, ती त्याची सही. हेडर म्हणजे नुसती लग्नपत्रिका. पत्रिकेवर मामांचं नाव छापलं म्हणून मामा मांडवात उभे राहत नाहीत, त्यांना आणावं लागतं. वर्गमूळ काढणारं खरं यंत्र 'लिबएम' या लायब्ररीत असतं आणि ते आणायला कमांडमध्ये '-एलएम' लिहावं लागतं.

यात एक गंमत आहे. कोडमध्ये थेट २चं वर्गमूळ मागा, '-एलएम' नसतानाही प्रोग्रॅम बनतो. जीसीसी हा कंपायलर उत्तर आधीच काढून ठेवतो, त्यामुळे फंक्शनला हाक मारायची वेळच येत नाही. तोच आकडा वापरणाऱ्याकडून घ्या, की चूक उगवते. 'काल तर चालत होतं' याचं मूळ पुष्कळदा इथं सापडतं.

पुढचा गैरसमज जास्त छळतो: '-एलएम' लिहिलं की झालं, कुठंही असेना. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि काय काय हवंय याची यादी वाटेतच करतो. लायब्ररीचं नाव तुमच्या फाइलच्या आधी आलं, तर यादी करण्याआधीच बाजार झाला, पिशवी रिकामी. '.ए'वाल्या स्टॅटिक लायब्ररीत हे सगळीकडे घडतं. उबुंटूने २०११च्या ११.१० आवृत्तीपासून 'ॲज-नीडेड' हा पर्याय मुळातच चालू ठेवला, म्हणून तिथं '.एसओ'वाल्या शेअर्ड लायब्ररीतही घडतं. एकाच्या लॅपटॉपवर चाललेली कमांड दुसऱ्याकडे अडते ती अशी. आधी आपल्या फाइली, लायब्रऱ्या शेवटी.

लायब्ररीच्या नावापुढे लिंकरचं 'कॅनॉट फाइंड' आलं की लोक म्हणतात, "पण एसक्यूलाइट तर मशीनवर आहे!" असतं खरं, पण फक्त चालवण्यापुरतं. उबुंटू-डेबियनच्या साध्या पॅकेजमध्ये 'लिबएसक्यूलाइट३.एसओ.०' असते. लिंकर शोधतो शेवटचं शून्य नसलेलं नाव, आणि ते हेडरसकट येतं शेवटी 'डेव्ह' असलेल्या पॅकेजमधून. फेडोरात त्यालाच 'डेव्हल' म्हणतात. कुठल्याशा साइटवरून सुटी '.एसओ' फाइल उतरवून घेणं हा मला शुद्ध आततायीपणा वाटतो.

आणि प्रोग्रॅम बनला म्हणजे चालेलच, असंही नाही. 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज' ही तक्रार लोडरची, प्रोग्रॅम सुरू करतानाची. मोठ्या एलचा पर्याय देऊन दाखवलेला फोल्डर लिंकरला कळला, लोडरला त्याचा पत्ताच नाही. विंडोजच्या सवयीने फाइल प्रोग्रॅमशेजारी ठेवूनही भागत नाही, लोडर तिथं आपणहून बघत नाही. लायब्ररी कायमची बसवायची असेल तर तिचा फोल्डर 'एलडी.एसओ.कॉन्फ.डी'मध्ये नोंदवून 'एलडीकॉन्फिग' चालवा. एकाच प्रोग्रॅमपुरती हवी असेल तर लिंक करताना 'आरपाथ' द्या. 'एलडी_लायब्ररी_पाथ' तात्पुरत्या चाचणीला ठीक. लॉगिन फाइलीत कायमचा लिहून ठेवलात, तर भलताच प्रोग्रॅम भलतीच लायब्ररी उचलेल. काय सापडत नाही हे 'एलडीडी' एका ओळीत सांगतो.

जुन्या पुस्तकांतलं '-एलपीथ्रेड' मात्र आता सक्तीचं राहिलं नाही. जीलिबसी या सी लायब्ररीच्या ऑगस्ट २०२१च्या २.३४ आवृत्तीपासून थ्रेडची फंक्शनं मुख्य लायब्ररीतच आली. जुन्या मेकफाइल मोडू नयेत म्हणून त्या नावाची रिकामी फाइल तेवढी ठेवली आहे. 'लिबएम'ला कुणी हात लावला नाही. मरी हिलच्या १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही गणितासाठी '-एलएम' लिहावं लागे, आणि आज रात्री पुतणीलाही तेच लिहायचं आहे.