पृथ्वीला दीड वेढा, कमाई पाच तासांची

20 ऑक्टोबर 2022 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला 1,337 कोटी 76 लाख रुपयांचा दंड ठोठावला. एवढी रक्कम डोक्यात मावत नाही, म्हणून आम्ही सोलापूरकर ती चादरींत मोजतो. पाचशे रुपयांची एक चादर धरा. दंडाच्या पैशात 2 कोटी 67 लाख चादरी येतात. सव्वादोन मीटर लांबीची एकेक चादर पुढे पुढे अंथरत गेलो, तर पृथ्वीला दीड वेढा बसतो.

आता हाच आकडा गुगलच्या गल्ल्यावर बसून पाहा. तिची मालक कंपनी अल्फाबेट. 2022 सालची उलाढाल सुमारे 283 अब्ज डॉलर. डॉलर 82 रुपयांचा धरला, तर दिवसाला 6,300 कोटींच्या वर. (नफा नव्हे, उलाढाल, पण अंदाजाला तेवढं पुरे.) म्हणजे दंडाएवढी रक्कम गोळा व्हायला लागतात साधारण पाच तास. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये चढलेला सोलापूरकर मुंबईत उतरायच्या आत, त्याची झोप चालू असतानाच, दीड वेढा चादरी वसूल!

गुन्हा काय होता? फोन बनवणाऱ्याला प्ले स्टोअर हवं, तर गुगलची बाकीची ॲपंही फोनमध्ये आधीच भरून द्यायची. आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. युरिया मागितला की दुकानदार सोबत नको असलेली दुसरी पिशवी गळ्यात मारतो, यालाच ‘लिंकिंग’ म्हणतात. हे तेच, फक्त खिशात मावणारं.

चौकशीचा आदेश निघाला होता एप्रिल 2019 मध्ये. निकालापर्यंत साडेतीन वर्षं, म्हणजे 30 हजारांहून जास्त तास. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. तीस हजार तास शोधायचं आणि पाच तासांची कमाई घ्यायची, हा सौदा कुणाच्या फायद्याचा ते उघड आहे. म्हणूनच बड्या कंपन्यांना आधीच नियम घालून देणाऱ्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च 2024 मध्ये पुढे आला. त्यात ‘बडी’ ठरायला उलाढालीसारख्या आर्थिक निकषांबरोबर भारतात किमान 1 कोटी वापरकर्ते किंवा 10 हजार व्यावसायिक ग्राहक लागतात. 2011 च्या जनगणनेतला आमचा अख्खा जिल्हा, तान्ह्या बाळांसकट, 43 लाख 17 हजारांचा. म्हणजे त्या कोटीच्या निम्माही नाही. 2025 सरलं तरी मसुद्याचा कायदा झालेला नाही.

आणि आधीच केलेल्या नियमाचं काय होतं, तेही बघा. ऑगस्ट 2025 मध्ये देशात यूपीआयचे 2,001 कोटी व्यवहार झाले. ते एकट्या सोलापूर शहरातल्या, 2011 च्या जनगणनेतल्या साडेनऊ लाख माणसांवर टाकले, तर प्रत्येकाला महिनाभर, रात्रंदिवस, दर दोन मिनिटांनी एक स्कॅन करावा लागेल. यातले 80 टक्क्यांहून जास्त व्यवहार दोनच ॲपवर झाले, फोनपे आणि गुगल पे. एका ॲपचा वाटा 30 टक्क्यांपलीकडे नको, असं राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने नोव्हेंबर 2020 मध्येच ठरवलं होतं. पाळायची मुदत आधी 2022 अखेर होती, मग ती 2024 अखेर झाली. आताची तारीख 31 डिसेंबर 2026.