समुद्राच्या आधी पोहोचायचं

जागतिक वारसा म्हणून जाहीर झालेल्या किनाऱ्यावरचे जीवाश्म उचलून खुशाल घरी नेता येतात, हे पुण्यातल्या माझ्या भावाला पटत नाही. “मग अजिंठ्याचं चित्रही खरवडून आणतो,” म्हणाला. पण अजिंठा जागेवर थांबतो. इंग्लंडमधल्या डॉर्सेटचा हा किनारा थांबत नाही.

लाइम रेजिस आणि चारमथ या गावांमधले कडे सतत सरकत असतात. खाली जुरासिक काळातला, सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीचा काळा चिखलखडक. वर क्रिटेशस काळातला वालुकामय थर. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं, खालच्या चिकणमातीपाशी अडतं, ती निसरडी होते आणि वरचा भार घसरतो. पायथा लाटा पोखरतातच. मे २००८ मध्ये इथे सुमारे ४०० मीटर लांबीची दरड कोसळली. तिच्यातून पडलेला जीवाश्म कुणी उचलला नाही, तर लाटा त्याचा चुरा करतात.

म्हणून आम्ही हिवाळ्यात जातो, वादळ ओसरल्यावर, ओहोटी लागली की. कड्यात खणायचं नाही. तशी मनाई आहे, शिवाय वरून कधी काय येईल याचा नेम नसतो. मान खाली घालून चालायचं. चिखल धुऊन गेला की जड खडे मागे राहतात, त्यांत नखाएवढे सोनेरी अमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या शंखांचे जीवाश्म, असतात. आपल्या देवघरातले, गंडकीकाठचे चक्रांकित शाळिग्राम याच कुळातले. मात्र हे सोनं पायराइटचं. दमट हवेत त्याची भुकटी होते. बोटभर, निमुळते बेलेम्नाइट टिकाऊ. ते म्हाकुळाच्या प्राचीन भाऊबंदांच्या शरीरातले.

सुताराची मुलगी मेरी ॲनिंग इथेच जीवाश्म विकून पोट भरायची. १८११ मध्ये तिच्या भावाला इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरीसृपाचं डोकं मिळालं, पुढच्या वर्षी उरलेला सांगाडा तिने शोधला. १८२३ मध्ये तिला जवळजवळ अख्खा प्लेसिओसॉर, असाच दुसरा सागरी सरीसृप, सापडला. तो आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. १८३३ मध्ये दरडीखाली तिचा कुत्रा ट्रे गेला, ती थोडक्यात वाचली. तिच्या सांगाड्यांवर निबंध वाचले पुरुषांनी. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने बायकांना सभासद करून घेतलं ते १९१९ मध्ये. मेरी १८४७ मध्येच वारली होती.

आता महत्त्वाचं काही सापडलं तर चारमथच्या किनारा वारसा केंद्रात नोंद करायची असते. मला हा व्यवहार शहाणपणाचा वाटतो: सरसकट बंदी घातली असती, तर पहारेकऱ्याच्या डोळ्यांदेखत समुद्रानेच सगळं नेलं असतं.