झुंजीपलीकडची भेट

20 मार्च 2020 या एकाच तारखेला दोन व्हिडिओ गेम बाजारात आले. ‘डूम इटर्नल’मध्ये हिरव्या चिलखतातला एकांडा योद्धा नरकातल्या राक्षसांची खांडोळी करत सुटतो, ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’मध्ये खेळणारा एका बेटावर मासे धरतो, फुलझाडे लावतो आणि घराचे कर्ज सवडीने फेडतो. तारीख जुळली ती निव्वळ योगायोगाने. निन्टेन्डोने आपली तारीख जून 2019मध्ये जाहीर केली होती. ‘डूम’ खरे तर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात यायचा होता. ऑक्टोबरमध्ये तो पुढे ढकलला गेला आणि नेमका याच दिवसावर येऊन ठेपला. एरवी अशा वेळी कोण कोणाचे गिऱ्हाईक पळवणार, याचीच चर्चा झाली असती. चाहत्यांनी मात्र चित्रे काढायला घेतली. ‘डूम’चा तो योद्धा, डूम स्लेयर, आणि ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’मधली इसाबेल यांची त्यांनी थेट मैत्रीच लावून दिली. इसाबेल म्हणजे पिवळ्या केसांची, कुत्र्याच्या रूपातली हसरी मदतनीस. कुठे तो गुडघे टेकून तिच्या उंचीला येतो, कुठे गळ टाकून तिच्या शेजारी बसतो, तर कुठे तीच त्याची बंदूक पेलत राक्षसांवर चालून जाते. आज मागे वळून पाहताना प्रश्न पडतो तो हा, की तारखेच्या एका योगायोगातून जुळलेली ही जोडी इतकी का टिकली?

विसंगतीची गंमत, हे पहिले उत्तर सहज सुचते. रक्ताने माखलेला धिप्पाड गडी आणि फुलांत रमणारी चिमुरडी एकत्र दिसली की हसू येणारच. पण विसंगती हेच कारण असते तर ती चित्रे आठवडाभरात शिळी झाली असती. माझ्या मते खरे कारण वेगळे आहे. खेळ आपल्या पात्राला मोजक्याच कृती देतो: मारणे, उडी घेणे, शर्यत जिंकणे. त्या कृतींच्या पलीकडे त्या पात्राचा स्वभाव काय, हे खेळात कुठेतरी सूचित होते, पण त्याला वाव मिळत नाही. दुसऱ्या जगातले पात्र समोर उभे केले की तो वाव मिळतो. चांगले क्रॉसओव्हर चित्र दडलेला स्वभाव उजेडात आणते. नवा स्वभाव चिकटवत नाही.

पुरावा ‘डूम’मध्येच आहे. 1993च्या मूळ खेळातल्या या नायकाचा डेझी नावाचा पाळीव ससा होता आणि राक्षसांनी तो मारला, हे त्या मालिकेने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. 2016च्या ‘डूम’मध्ये तो स्वतःचीच छोटी बाहुली सापडल्यावर तिच्या इवल्याशा मुठीला आपली मूठ हळूच टेकवतो. त्याच खेळात ‘वेगा’ ही संगणकीय बुद्धी नष्ट करायची वेळ येते, तेव्हा सांगितलेले काम तो करतो; पण आधी तिची प्रत जपून ठेवतो. दहा-दहा मिनिटांच्या कत्तलीत हे क्षण डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच निघून जातात. इसाबेलशेजारी त्याला बसवणाऱ्या चित्रकारांनी हेच क्षण हेरले होते. तिच्याकडेही द्यायला काहीतरी होते. ती याच मालिकेतल्या 2012च्या ‘न्यू लीफ’पासून गावच्या कचेरीचा कारभार सांभाळते, रोज सकाळी बेटाला बातम्या सांगते आणि बातमी नसेल त्या दिवशी आपल्या घरातल्या बारीकसारीक गोष्टी सांगते. कोणाशीही आपुलकीने बोलणारी ही मुलगी या योद्ध्याला भिणार नाही, हे पटते. म्हणून चित्रही पटते.

आता मागचा काळ पाहू. 1990च्या दशकात सेगा आणि निन्टेन्डो यांचे हाडवैर होते. तेव्हा निन्टेन्डोचा मारिओ आणि सेगाचा सॉनिक एका खेळात येणे अशक्यच. त्यांची भेट व्हायची ती चाहत्यांच्या वह्यांत. पुढे 2000मध्ये डेव्हिएंटआर्ट आणि 2007मध्ये जपानमध्ये पिक्सिव्ह ही चित्रांची संकेतस्थळे सुरू झाली आणि वह्यांतली चित्रे चारचौघांत आली. दरम्यान कंपन्यांनाही या भेटींची किंमत कळली होती. 1996मध्ये कॅपकॉमने ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ आणला, 1999मध्ये निन्टेन्डोने ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’, 2002मध्ये स्क्वेअर आणि डिस्नेने ‘किंगडम हार्ट्स’. सेगाने 2001मध्ये स्वतःची गेमयंत्रे बनवणे थांबवले आणि 2007मध्ये मारिओ व सॉनिक ऑलिंपिकच्या मैदानात अधिकृतपणे समोरासमोर आले. अशक्य ते शक्य झाल्यावर चाहत्यांच्या चित्रांची गरज संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण अधिकृत भेट बहुधा एकाच प्रकारची असते: झुंज किंवा शर्यत. खुद्द आपल्या जोडीचेच पाहा. इसाबेल 2018च्या ‘स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’मध्ये होतीच; ऑक्टोबर 2021मध्ये त्याच खेळात खेळणाऱ्याने स्वतः घडवायच्या ‘मी’ (Mii) पात्रांसाठी डूम स्लेयरचा पोशाख आला. दोघांना अखेर एका पडद्यावर आणता येऊ लागले, ते एकमेकांना रिंगणाबाहेर फेकण्यासाठी. गळ टाकून शेजारी बसायची सोय चित्रातच राहिली.

यावर पहिला आक्षेप असा, की ही उसनवारी आहे. स्वतःची पात्रे घडवण्याऐवजी दुसऱ्यांची वापरण्यात कसली प्रतिभा? मात्र उसन्या पात्रांची भेट घडवणे ही आपल्याकडची फार जुनी कथनरीत आहे. महाभारताच्या वनपर्वात भीमाला वाटेत रामायणातला हनुमान भेटतो आणि त्या म्हाताऱ्या वानराची शेपटी भीमाला हलवताही येत नाही. दोघेही वायुपुत्र, दोघेही महाबली. तरी कथाकाराने त्यांचे युद्ध लावले नाही. भीमाचा गर्व आणि मग त्याची नम्रता दिसावी, एवढ्यासाठी ही गाठ घातली. पात्रे आयती असली तरी कोणाची गाठ कोणाशी घालायची आणि ती कशी, ही निवड आयती मिळत नाही. आज यंत्राला सांगितले की कोणत्याही दोन पात्रांचे चित्र क्षणात मिळते. त्यातली बहुतेक चित्रे लक्षात राहत नाहीत, कारण तिथे दोन पात्रे शेजारी असतात, पण ती का, याचे उत्तर नसते.

दुसरा आक्षेप हक्कांचा आहे आणि तो रास्त आहे. पात्रे कंपन्यांच्या मालकीची असतात. क्रॉसओव्हर चित्रात तर दोन मालकांचा प्रश्न येतो. त्या चित्रांच्या छापील प्रती विकून कोणी व्यवसाय मांडला, तर मालकाने हरकत घेण्यात गैर काही नाही. पण हौसेने काढलेले चित्र खेळाची जागा घेत नाही; ते पाहून कोणी खेळ विकत घ्यायचे टाळत नाही. जपानमध्ये 1975पासून भरणाऱ्या कॉमिकेट या मेळ्यात चाहत्यांच्या स्वप्रकाशित चित्रकथा उघडपणे विकल्या जातात आणि बरेच प्रकाशक तिकडे काणाडोळा करतात, कारण त्यातूनच वाचक टिकतो आणि पुढचे चित्रकारही घडतात. तिसरे म्हणणे असे, की ही जोडी महासाथीची देन आहे. घरात कोंडलेल्या लोकांना दिलासा हवा होता. दिलाशाने तिचा प्रसार वाढला असेल. ‘न्यू होरायझन्स’च्या 4 कोटींहून अधिक प्रती खपल्या, त्यामागेही तो काळ होताच. पण तारखा जुळल्या 2019मध्ये आणि चित्रेही टाळेबंदीच्या आधीपासून निघू लागली होती.

म्हणून क्रॉसओव्हर फॅन आर्टला केवळ खेळांच्या जाहिरातीचे शेपूट किंवा पोरखेळ समजणे अन्यायाचे आहे. खेळात काय काय राहून गेले, याची ती चाहत्यांनी केलेली बारकाईची नोंद आहे. ती सर्वांत अचूक असते तेव्हा चित्रकाराने दोन्ही खेळ मनापासून खेळलेले असतात, सशाचे नाव त्याच्या लक्षात असते. व्हिडिओ गेम ही कला आहे का, हा वाद अजून मिटलेला नाही. ज्या पात्रांचा स्वभाव लोक नियमांच्या चौकटीबाहेरही ओळखू शकतात, ती पात्रे घडवणाऱ्या माध्यमाला कला म्हणायला आणखी कोणता दाखला हवा?